ऐंशी घोड्यांचे दाणापाणी

रिसोडला आगगाडी जात नाही. वाशीमला किंवा अकोल्याला उतरावे आणि पुढे एस. टी. धरावी, हा ताईच्या लग्नापासूनचा आमचा शिरस्ता. दोन्ही बाजूंना काळी जमीन, सोयाबीन निघून गेलेले, तूर फुलोऱ्याला आलेली. हे सारे पाहत जावे, उतरल्यावर पिंगळाक्षीचे दर्शन घ्यावे आणि मग घरचा चहा. गावाचे जुने नाव ऋषिवट असे सांगतात, आणि ताईच्या घरातली शांतता पाहता ते मला नेहमीच पटत आले आहे. परंतु गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधी मी गेलो तो दर्शन राहू दिले, चहा राहू दिला, आणि खांद्यावरच्या पिशवीसकट थेट गोठ्यात शिरलो.

ताईने फोनवर एवढेच सांगितले होते : "अरे, तू ये आणि तुझ्या भाच्याला काय ते सांग. काल तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावायला वाकले, तर गोठ्यातून पेट्रोलचा ओघळ अंगणापर्यंत आलेला. काडी ओढायची तेवढी राहिली होती."

गोठा म्हटले खरे, पण त्यात आता बैल नाहीत. बैल गेले, ट्रॅक्टर आला, तो शेतावर राहू लागला, आणि गोठ्यात राहिली फियाट.

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना फियाट कोण हे सांगावयास नको. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या परवान्याने गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७० च्या दशकात तिचे पद्मिनी असे बारसे झाले, तरी घरोघरी ती फियाटच राहिली. पैसे भरून नंबर लावावा आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहावी, असा तो काळ. भाऊजींच्या वडिलांनी ती अशीच मिळवली. लोणारचे सरोवर पाहावयास आम्ही सात मोठी आणि चार मुले एकाच खेपेत तीतून गेलो होतो, हे आज कोणाला सांगितले तर खरे वाटत नाही. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर दिसत होती. रिसोडची मात्र त्याच्या बरीच वर्षे आधी गोठ्यात जाऊन बसली, आणि तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या.

आमच्या भाचेबुवांनी यंत्रविद्येची पदविका घेतली आणि त्यांची नजर या कोंबड्यांच्या बैठकीकडे गेली. फियाटचे मूळ इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या घरात. भाच्याने मोडीत निघालेल्या एका जिप्सी गाडीचे तेराशे घन सेंटिमीटरचे, ऐंशी अश्वशक्तीचे इंजिन पैदा केले. दोन्ही गाड्यांत इंजिन लांबीच्या दिशेने बसते आणि मागची चाके फिरतात. तेव्हा थोडी कापाकापी करून ते बसले. भाऊजींनी एकच अट घातली : वडिलांच्या वेळचे इंजिन विकावयाचे नाही. ते गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहे.

दुसरी अट कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या नोंदलेल्या मूळ रचनेत परवानगीवाचून असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत या कलमाचा अर्थ आणखी कडक करून सांगितला आहे. शेजारच्या मालेगाव आणि मेहकर तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेल्यापासून इकडच्या तरुणांच्या तळपायाला जरा खाज सुटलेली असते. पण तेथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि अशा गाडीला तर तेथे पाऊलही टाकता येत नाही. ही गाडी टेंपोत चढवून न्यावयाची आणि खाजगी धावपट्टीवर पळवावयाची. शर्यतींचा हा नाद आपल्याकडे नवा नाही. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर फियाट गाड्या अनेक वर्षे धावत होत्या. अलीकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या शर्यती झाल्या. भाच्याच्या डोळ्यांपुढे ती धावपट्टी होती.

आणि तेथे पोचण्याआधीच एक पिस्टन जळाला होता.

हे मला गोठ्यात उभे असताना कळले. उन्हाळ्यात गाडी टेंपोत घालून चारशेहून अधिक किलोमीटर दूर पुण्यास नेली होती. तेथे गाडी जागच्या जागी रोलरवर चालवून तिची ताकद मोजतात. पहिल्यांदा ठीक चालले, दुसऱ्यांदा ठीक चालले. तिसऱ्यांदा पूर्ण दाबून धरली तेव्हा वरच्या फेऱ्यांना इंजिन गचके खाऊ लागले, आतून खडे उडाल्यासारखा आवाज आला आणि एका नळकांड्यातला पिस्टन कडेला वितळून बसला. त्या साली सोयाबीनचे जे काही हाती उरले होते ते इंजिन पुन्हा बांधण्यात गेले. भाऊजी त्यावर एक शब्द बोलले नाहीत, आणि ताईच्या मते तेच वाईट लक्षण होते.

येथे थोडे थांबून, ही फियाट पूर्वी पेट्रोल कशी पीत असे ते पाहू. इंजिनाच्या कुशीला एक छोटा पंप, त्यात एक पातळ पडदा. इंजिन फिरले की पडदा हालतो, मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो आणि कार्बोरेटरच्या वाटीत सोडतो. वाटीत तरंगणारा फ्लोट असतो; वाटी भरली की तो दार बंद करतो, जसा संडासाच्या टाकीत गोळा पाणी बंद करतो. सारा कारभार बिनघाईचा. दाब दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोच्या आसपास. नळी म्हाताऱ्याच्या शिरेसारखी, पण काम भागत असे.

जिप्सीच्या इंजिनाला वाटी नाही. त्याला इंजेक्टर आहेत, म्हणजे विजेच्या हुकुमाने उघडणारी बारीक तोंडे. ती सेकंदाच्या काही हजारांश भागापुरती उघडतात आणि पेट्रोल फवारतात. हुकूम देणारी पेटी असे धरून चालते की मागे तीन किलोचा दाब सदैव तयार आहे. दाब दोनवर आला तरी ती तितकाच वेळ तोंड उघडते. पेट्रोल मात्र कमी येते. हवा पूर्ण, पेट्रोल अपुरे. असे मिश्रण पूर्ण भाराखाली अधिक तापते, आणि ठिणगीची वाट न पाहता कोपऱ्याकोपऱ्यांत आपणच भडकते. खडे उडाल्याचा तो आवाज हाच. शिवाय जास्तीचे पेट्रोल वाफ होताना पिस्टनला गारवाही देत असते; तोही गेला. सावकाश चालविताना यातले काहीही कळत नाही. बाजारातून भाजी घेऊन येणाऱ्या गाडीचा पंप निम्मा मेला तरी ती घरी येते.

पेट्रोलच्या वाटेत अडथळा येणे हे दुखणे मोटारीइतकेच जुने आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्था नवऱ्याला न विचारता दोन मुलांना घेऊन त्याच्या मोटारीतून मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाल्या. वाटेत इंधन संपले ते त्यांनी औषधाच्या दुकानातून विकत घेतले, आणि इंधनाची नळी चोंदली तेव्हा टोपीला लावावयाची लांब पिन काढून ती मोकळी केली. मोटारीने केलेला पहिला लांबचा प्रवास म्हणून तो नोंदला गेला आहे. ताईला ही गोष्ट मी रात्री सांगितली. ती म्हणाली, "तिची गाडी तिच्या तुळशीपाशी गळत नव्हती."

गळतीचे कारण मात्र सोपे निघाले. भाच्याने विजेचा पंप बसविला होता तोही मोडीतल्याच गाडीचा. आणि टाकीपासून पुढे फियाटच्या जमान्यातली साधी रबरी नळी ठेवली होती. पाव किलोच्या दाबासाठी केलेल्या नळीला बारापट दाब, त्यात तिला आवळणाऱ्या पट्टीच्या कडा धारदार. शिवाय पेट्रोल आता पूर्वीचे राहिलेले नाही. २००३ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत शंभरात पाच भाग इथेनॉल घालण्यास आरंभ झाला. २०२३ मध्ये वीस भागांचे पेट्रोल काही पंपांवर आले, आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. आपल्याकडे साखर कारखान्यांची मळी आणि उसाचा रस, शिवाय मका, यांतून ते तयार होते; म्हणजे शेतकऱ्याच्या घरात त्याला शिव्या देण्याची सोय नाही. पण जुन्या रबराला ते फुगविते आणि भुसभुशीत करते. हवेतले पाणी शोषून घेते. आणि जुन्या टाकीच्या तळाला चिकटून बसलेला राळेसारखा थर सोडविते. ज्यांच्या घरी अजून कार्बोरेटरची गाडी आहे त्यांनी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवून घ्याव्या, फिल्टर बदलावा, आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवावयाची असल्यास टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये. हे मी ओघात सांगितले. गळती एकदा डोळ्यांनी पाहिली म्हणजे असे सांगावेसे वाटते.

नळी बदलणे हे एका दिवसाचे काम. पण पिस्टन का जळाला, याचे उत्तर भाच्याजवळ नव्हते. त्याचे मत, इंजेक्टर लहान पडले, मोठे मागवावेत. त्याची यादी तयार होती आणि यादीखालची बेरीज भाऊजींना दाखविण्याची हिंमत त्याला होत नव्हती. त्यासाठीच मामाची वाट पाहणे चालू होते, हे मला तेव्हा उमगले.

माझे सारे आयुष्य बँकेत गेले. मला इंजिनातले कळत नाही, परंतु जमाखर्च कळतो. मी म्हटले, "तुझे इंजिन पिते किती, आणि पंप देतो किती, हे दोन आकडे सांग." त्याने पंपाच्या डब्यावरचा आकडा सांगितला. डब्यावरचा आकडा म्हणजे अर्जदाराने स्वतः लिहिलेले उत्पन्न. त्यावर कोणी कर्ज देत नाही.

खर्चाची बाजू आम्ही कागदावर मांडली. पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीने चालत असता एका अश्वशक्तीला तासाला सुमारे तीन दशांश लिटर पेट्रोल लागते, असा ठोकताळा आहे. चाळीस घोड्यांना तासाला बारा लिटर, ऐंशींना चोवीस. (एवढे पेट्रोल रोज जळते असे समजून घाबरू नये, हा पेडल तळाला टेकलेले असतानाचा हिशेब आहे.) चोवीस लिटर तासाला म्हणजे मिनिटाला ४०० मिलिलिटर. त्यात इथेनॉलची गंमत अशी की त्यातली उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. वीस टक्के मिश्रण जाळावयाचे तर तेवढ्याच हवेला शेकडा सात-आठ भाग इंधन जास्त द्यावे लागते. म्हणजे झाले ४३० च्या आसपास. पंप उद्या म्हातारा होईल, फिल्टर भरेल, उन्हाळ्यात पेट्रोल तापेल. तेव्हा वर पाव-तीस टक्के शिल्लक हवी. आमची मागणी ठरली मिनिटाला ५५० मिलिलिटर, आणि तीही तीन किलोच्या दाबावर; कारण दाब नसताना कोणताही पंप दानशूर असतो.

आता जमा मोजावयाची. गावातले मिस्त्रीचाचा आले. ते फियाटच्या कार्बोरेटरचे जुने वैद्य. इंजेक्शनच्या गाड्यांना ते "पेटीवाली गाडी" म्हणतात आणि लांब राहतात. पण मोजण्याची कल्पना त्यांचीच. दाब राखणाऱ्या झडपेतून जास्तीचे पेट्रोल टाकीकडे परत जाते, ती नळी सोडवून मापात धरावयाची आणि इंजिन बंद ठेवून पंप एक मिनिट चालवावयाचा. माप शोधता शोधता ताईचे दुधाचे लिटरचे माप हाती आले. ताई तेव्हा देवळात गेली होती, एवढेच आमच्या बाजूने सांगता येईल. गाडी ढकलून मोकळ्या अंगणात आणली, सारे दिवे विझविले, वाळूच्या दोन बादल्या आणि आग विझविण्याचे नळकांडे जवळ ठेवले. वाचकांनी हा प्रयोग जाणत्या माणसावाचून करू नये. पेट्रोलची वाफ दिसत नाही आणि जमिनीलगत लांबवर सरपटत जाते.

एक मिनिट झाले. मापात ३८०.

कोणी काही बोलेना. ३८० म्हणजे पूर्ण भाराला पन्नास मिलिलिटरांची तूट, आणि त्या तुटीत एक पिस्टन गेला होता. इंजेक्टर कितीही मोठे आणले असते तरी मागून येणारे तेवढेच होते. पिस्टन आणखी एक जळाला असता एवढेच.

मिस्त्रीचाचांनी टाकी उतरविली. पंपाच्या तोंडाशी जाळी असते, तिच्यावर तपकिरी साय धरली होती. पन्नास वर्षांच्या टाकीचा मळ इथेनॉलने सोडविला आणि जाळीवर आणून बसविला. टाकी धुतली, जाळी नवी, फिल्टर नवा. पुन्हा मोजले : ५२०. भाचा खूष झाला. मी म्हटले, "अजून तीस कमी." बँकेत अशा वेळी लोक माझ्याकडे ज्या नजरेने पाहत, त्याच नजरेने त्याने पाहिले.

भाऊजी इतका वेळ ओट्यावर अडकित्ता घेऊन बसले होते. गाडीच्या बाबतीत त्यांनी तोंड उघडल्याला काही महिने लोटले होते. ते पंपाचा आवाज ऐकत होते. मग म्हणाले, "थो पंप घुमून रायला, पन धार नाही. आपल्या वावरातल्या मोटरचं असंच होते. लाइन डिम असली का मोटर फिरते, अन् धार करंगळीएवढी येते. वायर कोन्ती लावली?"

वायर कोणती लावली! भाच्याने टाकीपर्यंत आयती गेलेली वायर वापरली होती. फियाटच्या पेट्रोलच्या काट्याची. एक काटा हालवावयास जेवढी वीज लागते तेवढीच वाहून नेणारी, सुतासारखी बारीक. मीटर लावून पाहिले. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, पंपावर साडेनऊ. तीन व्होल्ट वाटेतच वायर तापविण्यात खर्च होत होते. विहीर भरलेली, मोटर नवी, आणि खांबापासून आलेली तार अर्धा मैल लांब. वऱ्हाडातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे दुखणे तोंडपाठ आहे. पदविकेच्या पुस्तकात ते होतेच, पण वेगळ्या प्रकरणात.

भाऊजी उठले, आतून शेतावरच्या जाड केबलचा तुकडा घेऊन आले. ती तात्पुरती थेट बॅटरीपासून पंपापर्यंत जोडली; जोड पेट्रोलपासून दूर, बॅटरीच्या बाजूला. पुन्हा मिनिट मोजले.

मापात ९००.

पंप तोच. इंजेक्टर तेच. भाच्याच्या यादीतल्या पहिल्या पाच वस्तू भाऊजींनी स्वतःच्या हाताने खोडल्या, आणि तेव्हा बापलेक एका कागदावर वाकलेले ताईने देवळातून येताना पाहिले. माप तिने त्यानंतर पाहिले.

पुढचे काम दिवाळीच्या सुट्टीत झाले. बॅटरीपासून वेगळी जाड वायर, तिच्यावर फ्यूज, आणि मध्ये रिले; म्हणजे बारीक वायर नुसता निरोप देते आणि जाड वायर भार उचलते. इंजिन बंद पडले की पंपही दोन-तीन सेकंदांत थांबावा अशी जोडणी. नाहीतर अपघातात फुटलेल्या नळीतून तो इमानेइतबारे पेट्रोल ओतत राहतो. टाकीपासून पुढे पोलादी नळी, ती सायलेन्सरपासून दूर; लवचीक जागी तीन किलोहून पुष्कळ अधिक दाब आणि इथेनॉल दोन्ही सोसणारी नळी, आणि गोल कडांच्या पट्ट्या. परत येणाऱ्या पेट्रोलासाठी स्वतंत्र वाट, कारण मूळ गाडीला ती नव्हतीच. टाकीत पंपाभोवती एक छोटी वाटी, जेणेकरून वळणावर पेट्रोल एका कडेला गेले तरी पंपाच्या तोंडाशी चार घोट राहावेत. मिस्त्रीचाचांनी ही वाटी पाहून समाधानाने मान डोलावली. "वाटी आली परत," ते म्हणाले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ताईने पणत्या लावल्या. गोठ्याच्या बाजूला एकही नाही. त्या दाराशी तिने विजेचा दिवा लावावयास लावला, आणि मी फराळाला बसेपर्यंत ती दोनदा जाऊन वास घेऊन आली. वास नव्हता.

जानेवारीत गाडी पुन्हा टेंपोतून पुण्यास गेली. या खेपेला भाऊजी टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसून गेले. रोलरवर पूर्ण दाबून धरली, एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. भाचा ताकदीच्या आकड्याकडे पाहत होता. भाऊजी, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, फक्त दाबाच्या काट्याकडे. काटा तिनावर होता आणि तिनावरच राहिला. धावपट्टीची परवानगी आणि शर्यतीचा दिवस अजून यावयाचा आहे.

ताईने दुधाला नवे माप वाशीमहून आणले. जुने गोठ्यात खिळ्याला टांगलेले आहे, त्यावर तांबड्या रंगाने तिच्या अक्षरात लिहिले आहे, "पेट्रोल. घरात आणू नये."